म्हाताऱ्या कुत्र्याला ओसरी द्या

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाची बातमी आदिलाबादेतही आली. चहाच्या टपरीवर तिची चर्चा झाली, कुणी म्हणालं बरं झालं, कुणी मुक्या जिवांसाठी हळहळलं, आणि बोलणं पुन्हा कापसाच्या भावाकडे वळलं. पण त्या आदेशातला एक भाग थेट आपल्या दारापर्यंत येतो. शाळा-कॉलेजं, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्टँड, आगारं आणि रेल्वे स्टेशनं इथली मोकाट कुत्री स्थानिक संस्थेने पकडायची, त्यांची नसबंदी करायची, लस टोचायची आणि त्यांना आश्रयगृहात ठेवायचं. जिथून उचललं तिथे पुन्हा सोडायचं नाही.

याआधीची रीत वेगळी होती. मार्च २०२३ मध्ये आलेल्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात आणि त्याला जिथलं तिथे परत सोडतात. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही न्यायालयाने हीच रीत ठेवली होती. पिसाळलेली आणि अंगावर धावून जाणारी कुत्री तेवढी त्यातून वगळली. नोव्हेंबरमध्ये मात्र बसस्टँड, दवाखाना, स्टेशन आणि शाळेतल्या कुत्र्यांची परतीची वाट बंद झाली. हे योग्य झालं की अयोग्य, यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे पुष्कळ आहेत. मी लिहिते आहे ती त्या आदेशाखाली जाळीआड जाणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी. ऑगस्टच्या आदेशात त्यांच्यासाठी एक दार उघडं ठेवलेलं आहे. ज्याला रस्त्यावरचं कुत्रं हवं आहे त्याने पालिकेकडे अर्ज करावा, ते दत्तक घ्यावं आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी उचलावी. त्या दारातून कुत्रं बाहेर येतं ते आपल्या घरीच. दुसरीकडे जायला त्याला जागा नाही.

आता ही कुत्री कोणती, ते जरा डोळ्यांपुढे आणा. आरटीसीच्या बसस्टँडवर पहाटेची गाडी धरायला जाणाऱ्या प्रत्येकाने ती पाहिलेली असतात. तोंडाशी पांढरं झालेलं, एक कान फाटलेला, फलाटाच्या कडेला वळकटीसारखं पडलेलं. बस मागे घेताना शिट्टी वाजली की ते पुरते डोळेही न उघडता उठतं, दोन हात पलीकडे सरकतं आणि पुन्हा पडतं. वर्षानुवर्षं चाकांच्या मध्ये राहून ज्याने जीव राखला, ते गाडी ओळखायला शिकलेलं असतं आणि माणूसही. कोणाच्या हातात बिस्किटाचा पुडा आहे आणि कोणाच्या हातात दगड, हे त्याला दुरून कळतं. सरकारी दवाखान्याच्या आवारात पेशंटचे नातेवाईक रात्र काढतात, उटनूर-इंद्रवेल्लीकडून आलेले, बेला-जैनथकडून आलेले. त्यांच्या डब्यातली उरलेली भाकर खाऊन जगलेली कुत्री तिथे असतात. नंदीग्राम एक्स्प्रेसची वाट बघणाऱ्यांच्या पायाशी स्टेशनवर झोपणारी असतात. जी चावरी होती, तापट होती, ती अशा गर्दीच्या जागी फार दिवस टिकत नाहीत. कुणीतरी त्यांना मारून हाकलतं. टिकतात ती शांत. त्यामुळे या आदेशाखाली जी उचलली जाणार त्यांतली कितीतरी आधीच माणसाळलेली असणार. अशा जिवाला उरलेलं आयुष्य सिमेंटच्या खोलीत काढावं लागणं ही मला फार वाईट वाटणारी गोष्ट आहे.

आश्रयगृह कितीही चांगलं असलं तरी म्हाताऱ्या कुत्र्याला ते मानवत नाही. तिथली माणसं वाईट नसतात, उलट या कामात पडणारी माणसं बहुधा जीव ओतून काम करतात. पण एका आवारात डझनावारी कुत्री, दिवसभर भुंकणं, गार फरशीवर दुखणारे सांधे, आणि ताटली खाली ठेवली की तरण्या कुत्र्यांची झडप. म्हातारं मागे राहतं. बघायला येणारी कुटुंबं पिल्लांच्या खोलीकडे वळतात आणि मुलांच्या कडेवर पिल्लू घेऊन परततात. मागच्या कोपऱ्यातल्याला कुणी हाक मारत नाही. हैदराबादेत अमला अक्किनेनी यांनी १९९२ मध्ये सुरू केलेली ब्लू क्रॉस असो, पुण्यात २००७ पासून काम करणारी रेस्क्यू असो, असं काम करणाऱ्या कोणत्याही संस्थेत विचारा, सगळ्यांत जास्त दिवस कोण राहतं. उत्तर एकच मिळेल. आणि या मोठ्या संस्था आपल्यापासून लांब आहेत. हैदराबाद तीनशे किलोमीटर, नागपूर दोनशे. आपल्या जिल्ह्यातल्या कुत्र्यांचं जे व्हायचं ते आपल्याच हातून होणार.

नाही केलं तर काय होतं, तेही आपल्या तेलंगणा राज्याने पाहिलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महबूबनगर जिल्ह्यातल्या पोन्नकल गावात एका रात्रीत वीसच्या आसपास कुत्री गोळ्या घालून मारली गेली. जानेवारी २०२६ मध्ये हनमकोंडा आणि कामारेड्डी जिल्ह्यांतल्या गावांत शेकडो कुत्री मारल्याच्या तक्रारी पोलिसांत गेल्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावर ठार करण्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तरीही हे घडलं. माणसं इतक्या टोकाला का जातात हेही समजून घ्यायला हवं. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादेत अंबरपेटला चार वर्षांच्या मुलाला कुत्र्यांनी फाडलं. ते चित्रण ज्याने पाहिलं त्याला विसरता येणार नाही. ज्या आईचं पोर शाळेत चालत जातं तिच्या पोटातली भीती खरी आहे, तिला कुणी भूतदयेचे धडे देऊ नयेत. पण विष घालून ही भीती जात नाही. मारलेल्या कुत्र्यांची जागा बाहेरून आलेली, लस न टोचलेली, नसबंदी न झालेली कुत्री घेतात आणि वर्षभरात गल्ली पुन्हा भरते. रस्त्यावरचं कुत्रं खरोखर कमी होतं ते दोनच मार्गांनी: त्याला पिल्लं होऊ न देणं, आणि जे आहे त्याला घरात घेणं. पहिलं काम सरकारचं. दुसरं आपलं.

मुंबईत १८३२ मध्ये इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारायचं फर्मान काढलं, तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले आणि शहरभर हरताळ झाला. तेव्हापासून हा प्रश्न आपल्याकडे धुमसतोच आहे. इतक्या वर्षांत मारून तो सुटलेला कुठे दिसत नाही.

म्हातारं कुत्रं घरात घ्या म्हटलं की पहिला प्रश्न येतो: पिल्लू असताना म्हातारं कशाला? याचं उत्तर भावनेत शोधायची गरज नाही, व्यवहारातही ते मिळतं. पिल्लू म्हणजे सहा-आठ महिने चपला कुरतडणं, रात्री रडणं, घरभर घाण, आणि मोठं झाल्यावर ते कसं निघेल याचा भरवसा नाही. सात-आठ वर्षांच्या कुत्र्याचं सगळं उघड असतं. ते लहान मुलांजवळ कसं वागतं, कोंबड्यांच्या मागे धावतं का, दुसऱ्या कुत्र्याशी जमवून घेतं का, गाडीच्या आवाजाला बिचकतं का, हे तासाभरात बघून घेता येतं. त्याला दिवसभर धावायला लागत नाही. सकाळ-संध्याकाळ एक चक्कर, दोन वेळचं खाणं, बसायला सावली, एवढ्यावर ते समाधानी असतं. ज्या घरातली मुलं हैदराबादला किंवा पुण्याला नोकरीला गेली आणि मागे दोन वयस्कर माणसं राहिली, त्या घराला पिल्लू झेपत नाही. म्हातारं कुत्रं झेपतं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला मटव्हिल नावाची संस्था २००७ पासून फक्त वयस्क कुत्र्यांचंच काम करते, आणि त्यांना साठीच्या पुढच्या माणसांच्या घरी पाठवण्यासाठी तिने खास सवलत ठेवली आहे. आपल्याकडे अशी घरं गल्लोगल्ली आहेत.

राखणीचं काय, असंही शेतकरी विचारतील. राखण धावून होत नाही, ओळखून होते. घरचं कोण आणि परकं कोण हे म्हाताऱ्या कुत्र्याला तरण्यापेक्षा चांगलं कळतं, आणि उगाच भुंकून ते शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. एक सांगते मात्र: भीमपूर, तामसी, बोथ या बाजूला पैनगंगेपलीकडच्या टिपेश्वरातून वाघ येतात, बिबट्याही फिरतो. तिथल्या शेतात म्हातारं कुत्रं रात्री बांधून ठेवू नका. साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला दिलेलं आवतण. त्याला रात्री घरात किंवा बंद गोठ्यात घ्या.

आपल्याला हे नवं नाही. ज्याने आयुष्यभर औत ओढलं तो बैल थकला की बरेच शेतकरी त्याला बाजार दाखवत नाहीत. दावणीला ठेवतात, पोळ्याला त्याच्याही शिंगांना रंग लावतात. किनवटमार्गे माहूरला जाणाऱ्यांच्या घरात दत्ताची तसबीर असते आणि त्या तसबिरीत देवाच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. मग बसस्टँडवरच्या कुत्र्याला हाड म्हणताना ती गोष्ट कुठे जाते? आमच्या भागात आजही जेवणाआधी एक घास बाजूला काढणारी म्हातारी माणसं आहेत. तोच हात आता थोडा पुढे करायचा आहे.

आमच्या घरी आलेली कुत्री वयस्क होती. पहिल्या दिवशी ती घरात आलीच नाही. गोठ्याची भिंत आणि सरपणाचा ढीग यांच्यामधल्या फटीत जाऊन बसली. ताटली समोर ठेवली तर तोंड फिरवायची; आम्ही दिवे मालवून आत गेलो की ताटली रिकामी. झाडायला केरसुणी उचलली की ती जमिनीला चिकटून थरथरायची. कुणीतरी तिला केरसुणीने फार मारलेलं असणार. आम्ही केरसुणी तिच्या नजरेआड ठेवायला लागलो, बस, एवढंच केलं. मग एका दुपारी ती उठली, ओसरीच्या पायरीवर आली आणि माझ्या सासूबाईंच्या पायाशी टेकून बसली. सासूबाईंनी आयुष्यात कधी कुत्र्याला हात लावला नव्हता. त्या भाजी निवडत होत्या, त्यांनी निवडणं चालू ठेवलं. आता त्या देवळात गेल्या की कुत्री फाटकाशी उभी असते आणि त्यांच्या चपलेचा आवाज आला की शेपूट हलायला लागतं.

कुत्र्यांचं काम करणारे लोक नव्या कुत्र्यासाठी तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात. तीन दिवस ते बावरलेलं असतं, तीन आठवड्यांत घराची घडी त्याला कळते, तीन महिन्यांत घर त्याचं होतं. म्हाताऱ्याला थोडं जास्तही लागेल. पहिले काही दिवस पाहुणे बोलावू नका, मुलांना अंगावर लोळू देऊ नका, जेवताना हात घालू नका. बसायला एक ठरलेली जागा द्या आणि ती बदलू नका. आपली थंडी कडक असते, आदिलाबादचा पारा राज्यात खाली उतरणाऱ्यांत पहिला, तेव्हा दुखऱ्या सांध्यांखाली जुनी गोधडी किंवा पोत्यांची घडी हवी. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा पाण्याची कुंडी सावलीत, आणि फिरायला नेणं सूर्य उगवायच्या आत.

खाण्याचं सोपं आहे. ज्वारीची भाकर, भात, उकडलेलं अंडं, जमेल तेव्हा चिकन. मसाला आणि तिखट घातलेलं देऊ नका. कांदा, मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखी आहेत. शिजवलेलं हाड तर देऊच नका. ते तुटून आतड्यात रुततं. दात गेलेल्या कुत्र्याला भाकर कुस्करून, वरणाच्या पाण्यात भिजवून द्या.

दुखण्यांची भीती घालणारे भेटतील. थोडी खरी आहे, तेव्हा आधीच डॉक्टरला दाखवा. जनावरांच्या दवाखान्यात नेऊन सगळ्यात आधी रेबीजची लस, मग जंताचं औषध, मग अंगावरचे गोचीड. आपल्याकडे गोचीड ताप फार, हिरड्या पांढऱ्या दिसल्या, कुत्रं मलूल झालं तर थांबू नका. वेळेवर कळलं तर गोळ्यांनी तो बरा होतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावर एक गाठ येते, बघायला भयंकर दिसते, रक्त ठिबकतं, आणि लोक तेवढ्यावरून कुत्र्याला मरायला सोडतात. ती गाठ दर आठवड्याला इंजेक्शन देऊन बहुतेक वेळा पूर्ण जाते. मादीची नसबंदी झालेली नसेल तर ती करूनच घ्या, म्हातारपणी गर्भाशयात पू होऊन कुत्र्या दगावतात. डोळ्यात निळसर झाक दिसली म्हणजे आंधळं झालं असं नाही. वयाने डोळ्याचं भिंग घट्ट होतं, तरी कुत्र्याला पुष्कळ दिसत असतं. लस दरवर्षी. आणि घरातल्या कुणाला, स्वतःच्याच कुत्र्याचा का होईना, दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा. हळद नको, चुना नको, मंत्र नको.

शेवटी एक आक्षेप उरतो, तो खरा जड आहे. लोक म्हणतात, घरात आणायचं, जीव लावायचा, आणि दोन-चार वर्षांत ते जाणार, कशाला? देशी कुत्रं नीट सांभाळलं तर बारा-चौदा वर्षं जगतं, म्हणजे आठ वर्षांच्या कुत्र्यापुढे अजून बरंच आयुष्य असतं. पण समजा एकच वर्ष मिळालं. ते वर्ष त्याने पोटभर खाऊन, सुरक्षित झोपून, कुणाच्या तरी हाकेला ओ देत काढलं, याची किंमत मी कमी मानायला तयार नाही. दुःख होईल. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या जाण्याचंही होतं. म्हणून कुणी त्यांना आधीच दूर ठेवत नाही.

आता करायचं काय. आदिलाबाद नगरपालिकेकडे आणि मंडलातल्या पंचायतींकडे आपण काही गोष्टी मागितल्या पाहिजेत. उचललेल्या प्रत्येक कुत्र्याचा फोटो, अंदाजे वय, नसबंदी आणि लसीची तारीख अशी यादी पालिकेने दर्शनी भागात लावावी. आश्रयगृह कोणत्याही वारी नागरिकांना बघता यावं. सात वर्षांपुढच्या कुत्र्यांना वेगळी, मऊ अंथरुणाची, ऊन येणारी जागा असावी. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी एक टेबल मांडून दत्तक देण्याचे कागद तिथेच व्हावेत. खेड्यातला माणूस त्यासाठी दुसऱ्यांदा शहरात येणार नाही. प्राणी कल्याण मंडळाने रस्त्यावरची कुत्री दत्तक देण्याची पद्धत २०२२ मध्येच लिहून दिली आहे, पालिकेला नवं काही शोधायचं नाही.

अर्ज तेलुगूत लिहावा लागेल म्हणून मागे राहू नका. आपली पोरं तेलुगू शिकलेली आहेत, त्यांना बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे. अर्जात तुमचं नाव, पत्ता, घरात कोण कोण आहे, कुत्रं कुठे राहील, आणि ते पुन्हा रस्त्यावर सोडणार नाही असं लेखी द्या. जे कुत्रं तुमच्या गल्लीतल्या शाळेत, तुमच्या कामाच्या दवाखान्यात, तुमच्या रोजच्या बसस्टँडवर आहे, ज्याला तुम्ही ओळखता आणि जे तुम्हाला ओळखतं, त्याच्यासाठीच अर्ज करा. कुत्री उचलणारी गाडी आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच करा. ज्यांना घरात ठेवणं शक्य नाही, भाड्याची खोली आहे, घरात आजारी माणूस आहे, त्यांनी एका कुत्र्याच्या औषधाचा खर्च उचलावा, किंवा रविवारी आश्रयगृहात जाऊन म्हाताऱ्यांना फिरवून आणावं, किंवा आपल्या गावात एक घर शोधून द्यावं. सरपंचांनी हे ग्रामसभेत मांडावं. मराठी शाळांतल्या शिक्षकांनी मुलांना सांगावं. घरी हट्ट धरायचं काम मुलं चोख करतात.

दत्तजयंतीला माहूरला जाणारी बरीच मंडळी आपल्या जिल्ह्यातली असतात. या वर्षी निघण्याआधी नगरपालिकेत एक चक्कर मारा आणि विचारा, म्हातारी कोणती आहेत, दाखवा.